‘तिला वाटलं’ खोडल्यानंतर

कथालेखन : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांपैकी बरीच पत्रं ‘डीप पॉइंट ऑफ व्ह्यू’बद्दल आहेत. निवेदन तृतीयपुरुषी, पण वाचकाला सगळं एकाच पात्राच्या आतून कळतं. निवेदक मध्ये उभा राहून ‘तिला असं वाटलं’ म्हणून सांगत नाही. या पानापुरतं आपण त्याला ‘आतलं निवेदन’ म्हणू. या तंत्रावर इंग्रजीत भरपूर मार्गदर्शन मिळतं, पण ते इंग्रजी वाक्य डोळ्यांसमोर ठेवून केलेलं असतं. मराठी वाक्य अडतं ते दुसऱ्याच जागी, आणि आलेले प्रश्नही नेमके त्या जागांचे आहेत.

प्रश्न : ‘दिसलं, वाटलं, जाणवलं, लक्षात आलं’ ही क्रियापदं काढली की निवेदन आतलं होतं, असं वाचलं होतं. माझ्या कथेतून ती सगळी काढली. आता कथा आधीपेक्षा कोरडी वाटते. उतारा जोडला आहे. (सांगली)

उत्तर : तुमचा मूळ उतारा असा :

‘शोभाला दारात कोणीतरी उभं असल्याचं दिसलं. तो सुधीर आहे हे तिच्या लक्षात आलं. तिला खूप राग आला. पंधरा वर्षांनी हा का आला असेल, असा विचार तिच्या मनात आला. तेवढ्यात तिला दूध उतू गेल्याचा वास आला.’

आणि दुरुस्त केलेला :

‘दारात कोणीतरी उभं होतं. तो सुधीर होता. शोभा चिडली. पंधरा वर्षांनी हा का आला असेल? तेवढ्यात दूध उतू गेलं.’

पाच वाक्यं होती, पाचच राहिली, फक्त आखूड झाली. मधला सांगणारा गेलेला नाही, तो कमी शब्दांत सांगायला लागला एवढंच. ‘शोभा चिडली’ हे शोभाच्या आतलं वाक्य नाही. चिडलेल्या माणसाच्या मनात ‘मी चिडले आहे’ हे वाक्य नसतं, ज्यानं चिडवलं तो असतो. ‘तो सुधीर होता’ यात ओळख पटली खरी, पण कशावरून? पंधरा वर्षांनी दिसलेला माणूस एका झटक्यात ओळखू येत नाही. आधी आकृती दिसते, मग एखादी लकब, मग नाव. हा क्रम गाळला की वाचकाला निकाल तेवढा कळतो.

मागच्या पानावर सुधीर हा शोभाचा मोठा भाऊ असल्याचं तुम्ही लिहिलं आहे. मग शोभा त्याला मनात ‘सुधीर’ म्हणेल का? आणि दूध. तिची पाठ गॅसकडे आहे. दूध उतू जाताना तिला दिसणार नाही, तिला आधी वास येणार. ‘दूध उतू गेलं’ असं लिहिलंत की डोळे स्वयंपाकघरात तिसऱ्याच कोणाचे तरी आहेत.

एक शक्यता अशी :

‘दारात कोणीतरी. उजेड पाठीमागून, चेहरा दिसेना. मग त्यानं डावा खांदा चौकटीला टेकवला. दादा. पंधरा वर्षं तोंड दाखवलं नाही, आईच्या दहाव्यालासुद्धा नाही, आणि आज भर दुपारी कोपऱ्यावरून मीठ आणायला गेल्यासारखा परत. चपलाही काढून ठेवल्या होत्या, जोडीनं, नीट. करपट वास. दूध! शोभानं गॅस बंद केला, फडकं न घेताच पातेलं उचललं, आणि बोटं पोळली तरी खाली ठेवलं नाही.’

‘राग’ हा शब्द कुठे नाही. तो मिठाच्या उपमेत आहे, चपलांकडे गेलेल्या नजरेत आहे आणि न ठेवलेल्या पातेल्यात आहे. ‘दिसेना’ मात्र मुद्दाम ठेवलं, कारण तिथे न दिसणं हीच घटना आहे. ऐकू न येणं, आठवता आठवता निसटणं, वास येतोय पण कसला ते न कळणं अशा ठिकाणी ही क्रियापदं हवीतच. सरसकट खोडू नका.

शब्दही मोजा. मूळ उतारा ३५ शब्दांचा, हा ५५. आतलं निवेदन जागा जास्त खातं, त्यामुळे शब्दमर्यादेच्या कथेत कोणते प्रसंग आतून सांगायचे ते आधी ठरवावं लागतं.

प्रश्न : माझी कथा सुनेच्या बाजूनं आहे. निवेदनात सासूचं नाव लिहू, की ‘सासूबाई’? (इंदूर)

उत्तर : प्रश्न छोटा आहे, पण मराठीत आतलं निवेदन सर्वांत जास्त वेळा फसतं ते इथेच. इंग्रजी मार्गदर्शनात याचा फारसा उल्लेख नसतो, कारण तिथे क्रियापदाला आदर दाखवावा लागत नाही. आपल्याकडे ‘आली’ की ‘आल्या’ हे ठरवल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही, आणि ते ठरवताना कोण बघतंय हेही ठरून जातं.

‘सुमनताई स्वयंपाकघरात आल्या’ हे शेजारीण बघते. ‘सुमन स्वयंपाकघरात आली’ हे सुमनची बहीण बघेल, नाहीतर वरून बघणारा निवेदक. ‘सासूबाई स्वयंपाकघरात आल्या’ इथे सून आली. ‘ह्यांची आई स्वयंपाकघरात आली’ इथेही सूनच आहे, पण तिनं मनात एक दार लावून घेतलं आहे.

लिहायला बसण्यापूर्वी एका कागदावर तीन रकाने आखा : तोंडावर, मनात, रागात. कथेतल्या प्रत्येक माणसासाठी तिन्ही भरा. सासू तोंडावर ‘आई’, मनात ‘सासूबाई’, रागात ‘म्हातारी’. नवरा तोंडावर ‘अहो’, मनात ‘हे’, किंवा आजच्या जोडप्यात तिन्हीकडे नावच. संवादात पहिला रकाना, निवेदनात दुसरा. तिसरा फार जपून वापरा. एरवी ‘सासूबाई आल्या, बसल्या, म्हणाल्या’ असं चाललेलं निवेदन एका जागी ‘आणि म्हातारी हसली’ म्हणालं, तर तेवढ्या एका क्रियापदानं सुनेच्या मनात काय मोडलं ते कळतं. हेच पानातून चार वेळा केलं तर लेखकाकडून गफलत झाली, असंच वाचक समजेल.

एक अडचण मात्र येते. सून मनातही सासूला ‘आई’ म्हणत असेल आणि तिची स्वतःची आईही कथेत असेल, तर पहिल्या पानातच दोघींची वेगळी सोय लावा. ‘माहेरी आई’, ‘इकडच्या आई’ असं बायका बोलतातच, तेच निवेदनात आणा.

प्रश्न : दोन्ही पात्रं बायका आहेत. ‘ती’ म्हणजे कोण, हे वाचकाला कळत नाही. प्रत्येक वाक्यात नाव घातलं तर आतलं निवेदन राहत नाही. (बदलापूर)

उत्तर : ज्या पात्राच्या मनात आपण आहोत तिला एकटीला ‘ती’ द्या. दुसरीला कायम तिचं नातं किंवा नाव : वहिनी, मावशी, नलू. हा करार पहिल्या चार ओळींत झाला की वाचक तो पाळतो.

मराठीची एक मोठी सोय म्हणजे कर्ता गाळता येतो. ‘उठली. खिडकीशी गेली.’ नाव नाही, ‘ती’ नाही, तरी बाई आहे हे कळतं. पण ही सोय ‘उठणं, जाणं, बसणं’ अशा क्रियापदांपुरतीच. ‘चहा केला. भाकरी थापली. पातेलं उचललं.’ यांत ‘केला’ चहामुळे, ‘थापली’ भाकरीमुळे, ‘उचललं’ पातेल्यामुळे. करणारी बाई की पुरुष याचा पत्ताच नाही. अशी तीन वाक्यं ओळीनं आली की वाचकाचा धागा सुटतो. मध्ये एक ‘वळली’, ‘थांबली’ किंवा एकदा नाव घाला, धागा पुन्हा हाती येतो.

प्रश्न : मनातले विचार वर्तमानकाळात लिहायचे की भूतकाळात? आणि ते अवतरणचिन्हांत की तिरक्या अक्षरांत? (पुणे)

उत्तर : दोन्ही काळ चालतात, मात्र त्यांचं काम वेगळं आहे. बाहेरून सांगितलेली ही दोन वाक्यं बघा : ‘त्या रात्री साडेनऊची गाडी मिळणार नाही हे त्याला कळून चुकलं. दुसऱ्या दिवशी साहेबांना काय सांगावं या विवंचनेत तो पडला.’ तीच आतून : ‘आता साडेनऊची गाडी मिळणार नव्हती. उद्या साहेबांना काय सांगायचं?’

‘आता… नव्हती’, म्हणजे वर्तमानाचं क्रियाविशेषण आणि भूतकाळाचं क्रियापद. मुद्रितशोधकाला ही चूक वाटू शकते, पण या शैलीची खूण तीच आहे. क्रियापद निवेदनाच्या काळात राहतं, पण ‘आता, उद्या, इथे, हा’ हे शब्द पात्राच्या जागेवरून येतात. फ्रेंचमधल्या अशा वाक्यांना शार्ल बाली या स्विस भाषाशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये वेगळं नाव दिलं, तेव्हापासून त्यांचा सविस्तर अभ्यास होत आला आहे. तुमच्या मसुद्यात ‘त्या दिवशी’, ‘दुसऱ्या दिवशी’, ‘तिथे’, ‘त्या वेळी’ हे शब्द शोधा. ते जिथे आहेत तिथे निवेदक पात्राच्या बाहेर उभा आहे.

‘आता गाडी मिळणार नाही’ हे त्याहून जवळचं, थेट मनातलं वाक्य. तळाला भूतकाळ ठेवा आणि अशी वर्तमानकाळी वाक्यं अगदी कळीच्या जागी, एका प्रसंगात दोन-तीन, एवढीच आणा. सगळा प्रसंग तसाच लिहिला तर जोर कुठेच उरत नाही.

अवतरणचिन्हं नकोत. ‘असं तिनं मनाशी म्हटलं’ हेच ती चिन्हं वेगळ्या रीतीनं सांगतात. तिरकी अक्षरंही टाळा. देवनागरीत ती डोळ्यांना खुपतात, आणि जिथे सगळं निवेदनच मनातलं आहे तिथे त्यातला एक तुकडा वेगळा का दाखवायचा?

याला जोडूनच ‘केले’ की ‘केलं’ हाही प्रश्न येतो. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनुसार पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहावी आणि इतर लेखन रूढ संकेतानुसार. आतल्या निवेदनात निवेदनच पात्राच्या तोंडचं झालेलं असतं, म्हणून ‘केलं, त्यानं, तिथं’ ही रूपं शोभतात. पण एकदा धरलं की शेवटपर्यंत धरा. एका ओळीत ‘त्याने सांगितले’ आणि पुढच्या ओळीत ‘त्यानं सांगितलं’ असं झालं की आवाजच बदलतो.

प्रश्न : समोरच्या पात्राला काय वाटतं ते मग सांगायचंच नाही का? (नाशिक)

उत्तर : सांगायचं, पण अंदाज म्हणून. अंदाजासाठी मराठीत इतक्या बारीक छटा आहेत की न वापरणं हा तोटाच. ‘दादा ओशाळला’ हे दादाच्या मनात शिरून लिहिलेलं वाक्य. ‘दादा ओशाळला असावा’ म्हणजे काहीतरी पाहून काढलेला तर्क. ‘ओशाळला असणार’ म्हणजे त्याला पक्की ओळखणारीची खात्री. ‘ओशाळला वाटतं’ म्हणजे आत्ता, या क्षणी डोळ्यांत भरलं. आणि ‘पुण्यात दुकान टाकलंय म्हणे’ यातल्या ‘म्हणे’नं बातमी ऐकीव आहे हे तर कळतंच, शिवाय सांगणारीचा तिच्यावर फारसा विश्वास नाही हेही कळतं. एका शब्दात इतकं काम.

तशीच ताकद ‘च’, ‘तर’, ‘ना’, ‘बाई’ या शब्दांत आहे. ‘आला’ ही बातमी झाली, ‘आलाच’ म्हणताना कोणीतरी आतून बोलतंय.

याच्या पुढची पायरी अवघड आहे, पण शिकण्यासारखी आहे. आतल्या निवेदनात ठाम विधान हे पात्राचं मत असतं, कथेतलं सत्य नव्हे. ‘दादाला पैसेच हवे होते.’ हे शोभाचं म्हणणं. पुढे तो पैसे मागत नाही, उलट आईची पाटली परत करतो, तेव्हा ते वाक्य खोटं ठरतं आणि शोभाही त्यात सापडते. अशा ठाम वाक्यावर ‘असं तिला वाटत होतं’चं झाकण घालू नका. वाचकाला तिच्याबरोबर चुकू द्या.

पात्राला स्वतःचा चेहरा दिसत नाही हेही ध्यानात ठेवा. ‘तिचे गाल लाल झाले’ हे समोरचा बघतो, तिला कळतं ते ‘गाल तापले’ एवढंच. ‘तिचे काळेभोर डोळे भरून आले’ यातला ‘काळेभोर’ बाहेरून आलेला आहे.

प्रश्न : पात्राची माहिती, वय, नोकरी, घरची परिस्थिती, हे सगळं कुठे सांगायचं? (चंद्रपूर)

उत्तर : जी गोष्ट आपल्याला रोज माहीत असते ती आपण स्वतःला सांगत बसत नाही. ‘मंगल गेली अठरा वर्षं एसटीत वाहक होती आणि तिला या कामाचा कंटाळा आला होता’ हे मंगल मनात म्हणणार नाही. माहिती अडचणीच्या पोटातून काढा :

‘रात्रीची शेवटची फेरी. मशीनचा रोल संपत आलेला, सुट्टे कधीच संपलेले. आता मागच्या सीटवरचा पाचशेची नोट पुढे करणार, आणि जायचं पुढच्या फाट्यापर्यंत. अठरा वर्षांत त्या सीटवर नेमके पैसे देणारा बसलेला नाही.’

नोकरी, वर्षं, वेळ, कंटाळा सगळं आलं, कारण तिला आत्ता सुट्टे हवे आहेत. एखादी माहिती अशा कुठल्याच अडचणीत बसत नसेल, तर ती या प्रसंगात लागतच नाही असं समजा. उपमाही तिच्याच जगातून घ्या. हिच्या मनात शांतता ‘सरोवरासारखी’ येणार नाही, ‘डेपोत इंजिन बंद केल्यावर’ येईल तशी येईल.

प्रश्न : संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत, असं चालेल का? (कोल्हापूर)

उत्तर : बाहेरच्या निवेदनात चालतं. आतल्या निवेदनात फट दिसते. शेतकरी बाप ‘काय रं, कुटं हुतास?’ म्हणतो आणि पुढच्याच ओळीत त्याच्या मनात ‘सूर्य अस्ताचलाला गेला’ येतं, तर तो बाप राहिला कुठे? ‘दिवस बुडाला’ म्हणा. निवेदन पूर्ण बोलीत पेलवत नसेल तर मधला मार्ग धरा. क्रियापदांची, विभक्तीची रूपं प्रमाण ठेवा, पण नामं, उपमा, मापं, वाक्प्रचार त्याचे घ्या. त्याचे म्हणून पंधरा-वीस शब्द आधी काढून ठेवा आणि तेच फिरवा. बोली म्हणून नुसती वेलांटी-उकार बदलू नका.

प्रश्न : हे म्हणजे संज्ञाप्रवाहच ना? (मडगाव)

उत्तर : नाही. विल्यम जेम्सनं १८९० मध्ये मानसशास्त्रात मनाच्या प्रवाहाची कल्पना मांडली आणि १९१८ मध्ये मे सिंक्लेअर या इंग्रजी लेखिकेनं ती कादंबरीच्या चर्चेत आणली. मराठीत मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) ही त्या वाटेवरची कादंबरी. तिथे मन जिकडे वाहील तिकडे लेखन जातं, क्रम आणि व्याकरण मोडायची तयारी असते. आतल्या निवेदनात घटना, संवाद, प्रसंगाचा क्रम सगळं जागेवर असतं, बघणारे डोळे तेवढे एकाचे.

प्रश्न : सराव कसा करावा? (लातूर)

उत्तर : ३०० शब्दांचा एक प्रसंग ‘मी’ वापरून लिहा. एकच जागा, दोन माणसं, दहा मिनिटांचा काळ. दुसऱ्या दिवशी ‘मी’च्या जागी नाव आणि ‘ती’ किंवा ‘तो’ घाला, क्रियापदं बदला, बाकी हात लावू नका. हे झालं आतलं निवेदन. आता तुमच्या जुन्या तृतीयपुरुषी कथेतला एक प्रसंग घेऊन उलट करा, म्हणजे ‘ती’चं ‘मी’ करा. ‘माझ्या मोहक चेहऱ्यावर नाराजी पसरली’ अशी वाक्यं लगेच लंगडतात, निवेदक तिथेच उभा आहे.

मग दोन पेन्सिली घ्या. लाल रेघ ‘दिसलं, ऐकू आलं, वाटलं, जाणवलं, कळलं, आठवलं, लक्षात आलं’ यांखाली. निळी रेघ भावनेच्या नावांखाली : राग, भीती, आनंद, दुःख, अस्वस्थता. संगणकावर शोधत असाल तर ‘वाटलं’ शोधून भागत नाही, ‘वाटले, वाटतं, वाटू’ राहून जातात. ‘वाट’ एवढंच शोधा, मध्ये ‘वाटी’ आणि ‘वाट पाहणं’ येईल ते सोडून द्या. लाल रेघेच्या वाक्यात पाहणंच घटना आहे का ते विचारा, नसेल तर क्रियापद काढा. निळ्या रेघेला खोडणं पुरत नाही. तिथे त्या भावनेमुळे नजर कुठे गेली, हातानं काय केलं, कोणता शब्द मनात आला, यांतलं एक लिहावं लागतं. एकच. घसा कोरडा, छाती धडधड, तळहात ओले असे तिन्ही एकदम आणले की पात्र आजारी वाटतं.

प्रश्न : संपूर्ण कथा अशीच लिहायची का? (ठाणे)

उत्तर : नको. ‘तीन दिवस पाऊस लागून राहिला, गाडी चौथ्या दिवशी सुटली’ हे बाहेरून एका ओळीत सांगून मोकळं व्हावं. प्रसंगाच्या तोंडाशी थोडं लांब उभं राहायलाही हरकत नाही : जागा, वेळ, पात्राचं पूर्ण नाव. तिथून दोन-तीन वाक्यांत हळूहळू आत उतरा, आधी कृती, मग नजर, मग मनातला शब्द. एकदा उतरलात की प्रसंग संपेपर्यंत आतच राहा. मध्येच ‘तिला कल्पना नव्हती की उद्या काय वाढून ठेवलंय’ असं वाक्य टाकून वर येऊ नका. वर यायचं असेल तर एक ओळ मोकळी सोडा आणि पुढचा प्रसंग पुन्हा लांबून सुरू करा.